माहितीचा उतारा कसा रचलाय हे ओळखायचं कसं (जुन्या बालपुस्तकांवर सराव करत)

मुलांना माहितीपर उतारा दिला की ती वाचतात, शब्द कळतात, प्रश्नांची उत्तरंही शोधून लिहितात, पण "लेखकाने ही माहिती कुठल्या पद्धतीने मांडलीये?" असं विचारलं की गाडी तिथेच थांबते. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. याचं कारण मला असं वाटतं की आपण उतारा "कशाबद्दल आहे" एवढंच विचारायची सवय लावतो, तो "कसा रचलाय" हे कुणी विचारतच नाही. आणि ते विचारायला हवं, अगदी मनापासून सांगते, कारण रचना कळली की पुढे काय येणार याचा अंदाज लागतो आणि वाचलेलं डोक्यात राहतं. बॉनी मेयर या संशोधिकेने १९७५ पासून यावर बरंच काम केलंय, आणि त्यातून हेच दिसलं की लेखकाची मांडणी पकडून वाचणाऱ्यांना मजकूर जास्त आठवतो.

शाळेत साधारण पाच रचना शिकवतात. वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम आणि समस्या-उपाय. नावं पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, पण ओळखायला त्याने काही मदत होत नाही. माझी पद्धत वेगळी आहे, विषय एकच घ्यायचा आणि तो पाचही तऱ्हेने लिहून बघायचा. विषय बदलला की मुलं विषयावरूनच उत्तर ठरवतात, म्हणजे प्राण्याबद्दल असेल तर वर्णन, इतिहास असेल तर क्रम, आणि तिथेच चुकतात. म्हणून मी इथे सगळीकडे एकच विषय घेतेय, लहान मुलांसाठी छापलेली सुरुवातीची पुस्तकं. विषय गोड आहे आणि त्या पुस्तकांची स्वतःची रचनाही अगदी उघडी दिसते, त्यामुळे दुहेरी फायदा.

आधी वर्णन. हा नमुना बघा:

"शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. मुलांसाठीच्या पहिल्या सचित्र पुस्तकांमध्ये त्याचं नाव घेतात. प्रत्येक विषयाला एक लाकडी ठशाचं चित्र आहे, चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेत, आणि मजकुरात त्याच आकड्यांसमोर त्या वस्तूंची माहिती लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत शेजारी शेजारी दिलीये."

इथे काही घडत नाहीये. एक वस्तू समोर ठेवलीये आणि तिच्याबद्दल एकेक गोष्ट सांगितलीये. वर्णन ओळखायची माझी आवडती चाचणी म्हणजे वाक्यांची अदलाबदल. आकड्यांचं वाक्य भाषेच्या वाक्यानंतर टाका, थोडं इकडेतिकडे करावं लागेल पण अर्थ मोडत नाही. वाक्यं हलवूनही अर्थ शाबूत राहिला तर बहुतेक वेळा ते वर्णन असतं. मुलांसोबत हे करायचं तर वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहा, पट्ट्या मिसळा आणि त्यांना लावू द्या, तोंडी समजावण्यापेक्षा दसपट लवकर कळतं.

आता क्रम. यात दोन प्रकार येतात आणि पुस्तकांत ते बऱ्याचदा एकत्रच टाकलेले असतात. एक म्हणजे काळाचा क्रम: "१६५८ मध्ये कोमेनियसचं चित्रपुस्तक आलं. १६७१ मध्ये जेम्स जेनवे यांचं धार्मिक गोष्टींचं पुस्तक आलं. १६९३ मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी शिक्षणावरचे विचार छापले, आणि १७४४ मध्ये लंडनला प्रकाशक जॉन न्यूबेरी यांनी 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' काढलं." दुसरा म्हणजे कृतीचा क्रम, एखादी गोष्ट करायची कशी हे सांगणारा. न्यूबेरीच्या त्या पुस्तकासोबत मुलांना चेंडू आणि मुलींना टाचण्या खोचायची उशी मिळायची, त्याची एक बाजू लाल आणि दुसरी काळी. मूल चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या बाजूला, आणि मग टाचण्या बघून हिशोब करायचा. इथे वाक्यं उलटसुलट केली तर खेळच कळणार नाही, आणि हीच क्रमाची खूण.

एक सापळा इथेच सांगून टाकते कारण यात हुशार मुलंही अडकतात. अक्षरांप्रमाणे लावलेली माहिती म्हणजे क्रम नव्हे! १६९० च्या सुमाराला बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिस यांनी 'न्यू इंग्लंड प्रायमर' छापलं, त्यात प्रत्येक अक्षराला एक छोटं चित्र आणि यमक जुळवलेल्या दोन ओळी, 'ए'ला आदम वगैरे. आता 'ए' नंतर 'बी' येतं हे खरं, पण 'ए'च्या ओळीत जे झालं त्यानंतर 'बी'च्या ओळीतलं झालं असं काही नाही. अक्षरक्रम हा फक्त शोधायला सोपं जावं म्हणून लावलेला असतो, शब्दकोशासारखा. काळ पुढे सरकतोय का, किंवा कृती पुढे सरकतेय का, एवढंच विचारा. नसेल सरकत तर तारखा किंवा अक्षरं कितीही दिसू देत, तो क्रम नाही.

तुलना ओळखायला सगळ्यात सोपी, कारण तिथे दोन गोष्टी सतत शेजारी शेजारी येतात. नमुना: "जेनवेचं पुस्तक आणि न्यूबेरीचं पुस्तक, दोघांनाही मुलं सुधारायचीच होती. पण जेनवेच्या गोष्टींतली मुलं अतिशय भाविक आणि लहानपणीच मरण पावणारी, वाचणाऱ्या मुलाने आपल्या आत्म्याची काळजी करावी हा हेतू. न्यूबेरीने मात्र यमकं, खेळ आणि चित्रं दिली, मूल हसत शिकावं म्हणून." दोन्ही, सारखं, पण, मात्र, उलट, त्यापेक्षा, असे शब्द दिसले की कान टवकारायचे. तरी एक लक्षात ठेवा, एका वाक्यात "पण" आला म्हणून अख्खा उतारा तुलनेचा होत नाही. दोन्ही बाजूंना पुरेशी जागा मिळालीये का ते बघा. जेनवेवर एक ओळ आणि न्यूबेरीवर दहा ओळी असतील तर तो न्यूबेरीचं वर्णनच आहे.

कारण-परिणाम हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, यावर जरा जास्त बोलते. नमुना घ्या: "लॉक यांनी १६९३ मध्ये मांडलं की मुलाला वाचायला शिकवणं हा खेळ व्हावा, शिक्षा नाही. अक्षरं चिकटवलेल्या फाशांनी खेळत मूल अक्षरं शिकू शकतं आणि वाचता यायला लागलं की त्याच्या हातात सोपं, आनंद देणारं, चित्रांचं पुस्तक द्यावं, असं त्यांनी सुचवलं. या विचारांमुळे शिकणं आणि मजा एकत्र असू शकतात हे पालकांना पटायला लागलं, आणि म्हणूनच न्यूबेरीसारख्या प्रकाशकाला खेळण्यासकट पुस्तक विकायचं सुचलं आणि ते खपलंही." आता हाच मजकूर आणि वर दिलेला तारखांचा मजकूर शेजारी ठेवा. दोन्हीत १६९३ आहे, दोन्हीत १७४४ वालं पुस्तक आहे, क्रमही तोच आहे. मग फरक कुठे? तारखांच्या मजकुरात लेखक फक्त म्हणतोय की हे आधी झालं, ते नंतर झालं. या मजकुरात तो म्हणतोय की याच्यामुळे ते झालं, म्हणजे लेखकाने एक दावा केलाय आणि वाचणाऱ्याला तो तपासता येतो, की खरंच फक्त लॉकमुळे का, का त्या काळात पुस्तकं विकत घेऊ शकणारा मध्यमवर्ग वाढत होता म्हणूनही? क्रमाच्या उताऱ्याला "कधी" असा प्रश्न विचारता येतो, कारणाच्या उताऱ्याला "कशावरून" असा. मुलांना हा फरक एकदा कळला ना, की पेपरमधली बातमी वाचतानाही ती "नंतर झालं म्हणजे त्यामुळेच झालं" या चुकीपासून वाचतात, आणि ते मला परीक्षेच्या मार्कांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

समस्या-उपाय हा कारण-परिणामाचा जवळचा नातेवाईक आणि म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. हॉर्नबुक घ्या, म्हणजे मुलांना अक्षरं शिकवायची जुनी फळी. "लहान मुलांच्या हातात कागद टिकायचा नाही, फाटायचा, मळायचा, आणि कागद काही स्वस्तही नव्हता. म्हणून अक्षरं आणि प्रार्थना छापलेला एकच कागद मूठ असलेल्या लाकडी फळीवर लावायचे आणि त्यावर जनावराच्या शिंगापासून काढलेला पातळ, आरपार दिसणारा पत्रा बसवायचे. कागद सुरक्षित, आणि मुलाला मूठ धरून वाचताही यायचं." आता यात "म्हणून" आहे, कारणही आहे, तर कारण-परिणाम का नाही? साधी खूण: कुणीतरी मुद्दाम काही केलंय का अडचण दूर करायला? केलं असेल तर समस्या-उपाय. "कागद महाग असल्यामुळे फार थोड्या घरांत पुस्तकं होती" असं लिहिलं असतं तर ते कारण-परिणाम, कारण तिथे नुसतं घडलंय, कुणी तोडगा काढलेला नाही.

पंचतंत्राची चौकट आपल्याला माहितीच आहे, राजा अमरशक्तीची तीन मुलं शिकत नाहीत आणि विष्णुशर्मा गोष्टी सांगून त्यांना शहाणं करायचं कबूल करतो. तीही समस्या-उपायच की! पण ती गोष्ट आहे, माहितीपर मजकूर नाही. गोष्टीत पात्रं असतात, पुढे काय होईल याची उत्सुकता असते, माहितीत खरी माहिती देणं हाच हेतू असतो. जुन्या बालपुस्तकांत मात्र ही रेघ पुसट असते, अक्षरं शिकवता शिकवता गोष्ट आणि गोष्ट सांगता सांगता उपदेश, त्यामुळे सरावाला जुनं पान घेतलंत तर आधी ठरवा की हे माहिती देतंय की गोष्ट सांगतंय.

आता प्रत्यक्ष उतारा समोर आला की काय करायचं. पहिल्यांदा नुसता वाचून काढा, खुणा करू नका. मग स्वतःला एकच विचारा, हा उतारा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय? "हे काय आहे, कसं आहे" असेल तर वर्णन. "काय काय झालं, कसं करायचं" असेल तर क्रम. "या दोघांत फरक काय" तर तुलना, "असं का झालं" तर कारण-परिणाम, आणि "अडचण कशी सुटली" तर समस्या-उपाय. उत्तर ठरलं की मगच पेन्सिल घेऊन खुणेचे शब्द शोधा, म्हणजे ते शब्द पुरावा म्हणून वापरता येतात. उलटं केलंत, म्हणजे आधी शब्द शोधून मग रचना ठरवलीत, तर फसाल, कारण "मग" आणि "तर" हे शब्द आपण बोलताना कुठेही पेरतो, "मग काय, पुस्तक खूप गाजलं" यातला "मग" काळ दाखवत नाही आणि "तर आता बघूया" मधला "तर" तुलना करत नाही.

त्यानंतर कागदावर चित्र काढून बघा. वर्णनाला मध्ये विषय आणि भोवती फांद्या, क्रमाला टाईमलाईन, तुलनेला एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं, कारणाला बाण, समस्येला दोन चौकोन. माहिती त्या चित्रात सहज बसली तर ओळखलेलं बरोबर. बळजबरी कोंबावी लागत असेल तर दुसरं चित्र घ्या. हे मी पहिली-दुसरीच्या मुलांनाही करायला लावते, ती शब्दांऐवजी छोटी चित्रं काढतात आणि छान जमतं त्यांना.

हेडिंग, चित्राखालची ओळ, अनुक्रमणिका, ठळक शब्द हे सगळं म्हणजे रचना नाही, ती मजकुराची साधनं. कोमेनियसच्या चित्रातले आकडे हे साधन, आणि देवापासून सुरू करून जग, आकाश, अग्नी, हवा, पाणी असं करत करत शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत जाणारे त्याचे जवळपास १५० विषय ही त्या पुस्तकाची मांडणी. परीक्षेत दोन्ही विचारतात, म्हणून मुलांच्या वहीत यांना दोन वेगळी पानं द्या.

आणि खरे उतारे क्वचितच एकाच रचनेचे असतात. पूर्ण लेख काळाच्या क्रमाने जातो, त्यातला तिसरा पॅराग्राफ हॉर्नबुकची अडचण आणि तोडगा सांगतो, पाचवा तुलना करतो. प्रश्नात "उतारा" म्हटलंय की "परिच्छेद" म्हटलंय हे नीट वाचा, उत्तर त्यावर बदलतं. लेखाची एकूण रचना हवी असेल तर प्रत्येक पॅराग्राफच्या बाजूला दोन-तीन शब्दांत तो काय करतोय ते लिहा, "काय सांगतोय" नव्हे, "काय करतोय", आणि मग बाजूचे तेच शब्द वरून खाली एका दमात वाचा, लेखाचा सांगाडा समोर येतो.

सुरुवात करायची असेल तर आजच मुलांच्या माहितीच्या पुस्तकातलं कुठलंही एक पान घ्या आणि मुलाला ते दुसऱ्या रचनेत लिहायला सांगा, वर्णन असेल तर तुलना करून, क्रम असेल तर कारणं दाखवून. चार ओळी पुरेत. लिहिताना कुठली माहिती कमी पडतेय हे मूल स्वतःच विचारायला लागतं, "पण हे कशामुळे झालं ते पुस्तकात दिलंच नाहीये!" असं म्हणालं की पुढचं पुस्तक शोधायला त्याच्यासोबत बसा.