झोपेची नाहीतर डिप्रेशनची गोळी चालू आहे आणि बाबा गाडीपण चालवतात? मग हे करा
रात्री बाराला झोपेची गोळी घ्यायची न सकाळी साडेपाचला ॲक्टिव्हा काढून नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरायला जायचं, हे घरोघरी चालू आहे. झोप झाली म्हणजे गोळी उतरली असं वाटतं पण तसं नसतं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी घेतली तर सात-आठ तास तरी गाडीला हात लावायचा नाही, आणि क्लोनाझेपाम (घबराटीवर, झोपेसाठी देतात ती) तर अंगात निम्मी व्हायलाच 30-40 तास घेते, त्यात वयामुळे लिव्हर-किडनी मंदावलेली, म्हणजे कालची संपायच्या आत आजची पोटात. सुस्ती स्वतःला जाणवत नाही न ब्रेक मात्र उशिरा लागतो, मला याचीच जास्त भीती वाटते.

पहिले सगळ्या गोळ्यांचे पत्ते पिशवीत घाला, बीपीच्या, सर्दीच्या, सगळ्या, न डॉक्टरला दाखवा. ॲमिट्रिप्टिलिन ही डिप्रेशनची गोळी बरेचदा नसांच्या दुखण्यासाठीही देतात, तीसुद्धा पेंग आणते, नजर धूसर करते, उठताना चक्कर येते. आणि स्पष्ट सांगा की हे गाडी चालवतात, अमुक वाजता चालवतात, कारण डॉक्टर विचारतीलच असं नाही. गोळीची वेळ अलीकडे घेता येते, डोस कमी होतो, कधी औषधच बदलतात.

पण घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करू नका!! अल्प्राझोलाम (हीपण घबराटीची गोळी), क्लोनाझेपाम एकदम सोडली तर फिटचे झटके येऊ शकतात. आणि डिप्रेशन तसंच राहू दिलं तरी गाडीवर लक्ष लागत नाहीच.

नवीन गोळी किंवा डोस वाढवला की काही दिवस गाडी नाही. नंतर एकदा मागे बसून बघा, सिग्नल हिरवा होऊनही उभेच राहतात का, थांबताना पाय उशिरा टेकतो का, गेटला हँडल घासून राहिलं का.

लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात फार जपा, घामाने पाणी-मीठ जातं न रक्तात लिथियम वाढतं. हात जास्त थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली तर गाडी नाहीच, त्याच दिवशी डॉक्टर.

चाबी लपवू नका बाप्पा, त्यांना फार लागतं ते. सकाळचं फिरणं कॉलनीतच पायी करू म्हणा, बर्डीला (सीताबर्डी बाजारात) जायचं तर मेट्रो आहे, गाडी दुपारी, तीही डॉक्टर हो म्हणाले तरच.