दुर्मिळ नाण्याचे ज्ञात नग कसे मोजायचे: यशवंतराव होळकरांच्या संस्कृत रुपयाचं उदाहरण घेऊन

"जगात फक्त पाचच नग आहेत" हे वाक्य इंदूरच्या सराफ्यात काय आणि ऑनलाइन लिलावात काय, इतक्या सहज फेकलं जातं की राग येतो. कुठले पाच, ते सांगा ना. कोणत्या लिलावात दिसले, वजन किती, फोटो कुठेय? उत्तर येत नाही कारण कुणी मोजलेलेच नसतात, एकाने कुठेतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. मोजणं अवघड नाहीये, वेळखाऊ आहे, आणि त्यात एकच टप्पा असा आहे जिथे डोकं लागतं. त्यावरच मी जास्त लिहिणार आहे.

पहिलं म्हणजे नाणं एकच निवडा. "होळकरांची सगळी दुर्मिळ नाणी" असं धरलंत तर वही भरेल आणि काम कधीच संपणार नाही. मी इथे यशवंतराव होळकरांचा शके १७२८ चा, म्हणजे १८०६ च्या सुमाराचा, संस्कृत लेखाचा नजराणा रुपया, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी नाही तर भेट द्यायला खास पाडलेला रुपया, धरतो. डिसेंबर १८०५ मध्ये इंग्रजांशी राजघाटचा तह झाला, त्याच्या लगेच नंतरचं हे नाणं. होळकरांचे रोजच्या व्यवहारातले रुपये फारशी लेखाचे, बादशहाच्या नावाचे, मल्हारनगर म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचे असले तर वर सूर्याचं तोंड. आणि ह्याच्यावर मात्र देवनागरीत अख्खा श्लोक: "इंद्रप्रस्थस्थितो राजा चक्रवर्ती भूमंडले" असं म्हणून दिल्लीच्या बादशहाचा मान राखलाय, आणि यशवंतरावांचं मन "लक्ष्मीकांतपदांभोज" म्हणजे विष्णूच्या पदकमळावरच्या भुंग्यासारखं झालंय असं सांगितलंय. आपल्या इंदूरच्या माणसाला हे नाणं हातात घ्यायला मिळालं तर अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच त्याची नोंद नीट व्हायला हवी.

फोटो गोळा करणं सोपं आहे, चिकाटी पाहिजे. झेनो, एसीसर्च, कॉइनआर्काइव्ज ह्या नाण्यांच्या फोटोंच्या वेबसाइट, मुंबई-बेंगळुरू-अहमदाबादच्या लिलावांचे जुने कॅटलॉग, ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचे ऑनलाइन संग्रह, नाशिकजवळ अंजनेरीची मुद्राशास्त्र संस्था. शोधताना स्पेलिंग बदलून बदलून शोधा, जुने इंग्रज जसवंतराव लिहायचे, कुणी येशवंत लिहितं, कुणी नुसतं इंदूर, कुणी महेश्वर, तर कुणी तेव्हाचा दिल्लीचा बादशहा शाह आलम ह्याच्या नावाखाली टाकून मोकळं होतं. म्युझियमला ईमेल करून नोंद क्रमांक आणि वजन मागा, बरेच जण देतात.

मग एक साधी एक्सेल शीट. प्रत्येक वेळी नाणं दिसलं की एक ओळ: तारीख, कुठे दिसलं, लॉट नंबर, वजन, व्यास, फोटो, विकलं गेलं की परत गेलं. लक्षात घ्या, ही ओळ दिसण्याची आहे, नगाची नाही. नगाचा नंबर वेगळ्या कॉलममध्ये, आणि तो कॉलम सध्या रिकामा ठेवायचा. लिलावात न विकलेलं नाणं पुढच्या लिलावात येतं, तिथून डीलरकडे जातं, मग परत लिलावात, आणि शीटमध्ये चार ओळी झाल्या तरी नग एकच. बहुतेक लोक ह्या ओळी मोजतात आणि आकडा सांगतात.

आता तो टप्पा. दोन फोटो एकाच नगाचे आहेत की दोन वेगळ्या नगांचे? मी स्वतः इथे खूप अडकलो होतो, आणि जो सल्ला मिळाला तो बहुतेक निरुपयोगी होता. "रंग बघा" म्हणतात. रंग अजिबात बघू नका. चांदी काळी पडते, कुणीतरी मूर्खासारखी चिंचेने घासतो आणि पांढरी करतो, फोटोवाला पिवळा दिवा लावतो, म्हणजे रंग हा पुरावाच नाही. "झीज सारखी दिसते" हेही सोडा, एका बाजूने प्रकाश टाकला तर नवं नाणंही झिजलेलं दिसतं.

बघायचं ते हे. नाणं ठशाने, म्हणजे उलटी अक्षरं कोरलेल्या धातूच्या साच्याने, मारलेलं असतं, आणि ठशाचे दोष त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर येतात. ठशाला तडा गेला की नाण्यावर ती रेघ उठलेली दिसते. उलट नाण्याला नंतर लागलेला मार, ओरखडा, सराफाने मारलेली टोच, ह्या गोष्टी आत गेलेल्या असतात. म्हणून नियम असा की उठलेलं ते ठशाचं, खोल गेलेलं ते त्या नगाचं. उठलेली रेघ दोन फोटोंत जुळली म्हणून "एकच नग" लिहिणारे लोक मी खूप पाहिलेत, आणि ते साफ चूक आहे, त्याने फक्त ठसा एक होता एवढंच कळतं. फोटोत उठलेलं की खोल हे कळत नसेल तर आधी एखाद्या अक्षराची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा, अक्षर उठलेलंच असतं, त्याच्याशी ताडून बघितलं की कळतं.

दुसरं, कड. नजराणा रुपया रुंद आणि गोल असतो, ठसा जवळजवळ पूर्ण उमटतो, तरी तो हाताने मारलेला आहे, त्यामुळे ठसा थोडा इकडे-तिकडे सरकतोच. किनारीतला कुठला ठिपका पूर्ण आलाय, कुठला अर्धा कापलाय, कुठल्या अक्षरापासून कडेपर्यंत किती जागा आहे, हे प्रत्येक नगाचं आपापलं. सगळ्या नाण्याचा आकार एकदम जुळवायला जाऊ नका, कॅमेरा जरा तिरका असला की गोल लांबट होतो. चार जागा ठरवा आणि तेवढ्याच जुळवा. दोन्ही फोटो एका मापाचे करून, एक दुसऱ्यावर अर्धा पारदर्शक ठेवायचा, मोबाईलच्या फुकट ॲपमध्येही होतं.

तिसरी गोष्ट फार कमी लोक वापरतात. समोरच्या फोटोत कडेला एखादा खड्डा दोन वाजताच्या जागी असेल तर मागच्या फोटोत तोच खड्डा कुठे येतो ते शोधा. त्यावरून दोन बाजूंचा एकमेकांशी कोन काढता येतो. ठसे हाताने धरून मारले तर हा कोन नगागणिक बदलू शकतो, म्हणून तो जुळला तर मोठा आधार, आणि स्पष्टपणे नाही जुळला तर विषय संपला, नग वेगळे. मशीनवरच्या नाण्यांत, उदाहरणार्थ इंदूरच्या १९३५ च्या तांब्याच्या पाव आण्यात, कड आणि कोन दोन्ही काही सांगत नाहीत, तिथे फक्त ओरखड्यांवरच काम करावं लागतं.

वजनाचं काय? वजन जुळवायला नाही, बाद करायला वापरा. ११.२३ आणि ११.२६ ग्रॅममध्ये काही अडत नाही, काटे वेगवेगळे असतात. घासल्याने, कडी काढून कड घासल्याने वजन कमी होतं. पण आधी कमी आणि नंतर जास्त असं होत नाही, मध्ये कुणी दागिना करायला डाक (धातू जोडायचा वितळवलेला सांधा) लावला असेल तर गोष्ट वेगळी, आणि डाकाचा डाग फोटोत बहुतेक दिसतो. तो दिसत नाही आणि वजन बऱ्यापैकी वाढलंय, तर तुमची जुळणी परत तपासा.

माझा ठाम नियम: दोन्ही बाजूंवर किमान एकेक खोल गेलेली खूण आणि वर कड, एवढं जुळल्याशिवाय दोन ओळींना एक नंबर देऊ नका. शंका असेल तर नग वेगळे ठेवा आणि शेऱ्यात "बहुधा नग ३" लिहा. वेगळे ठेवलेले उद्या चांगला फोटो मिळाला की एका मिनिटात एकत्र करता येतात. पण चुकून एकत्र केलेले दोन नग परत सुटे होत नाहीत, कारण मग त्यांच्याकडे कुणी बघतच नाही, एकाचा सगळा इतिहास दुसऱ्याच्या नावावर जातो.

आणि एक सावधगिरी. अगदी सगळं जुळलं, प्रत्येक खड्डा, प्रत्येक ओरखडा, पण एक नग म्युझियमच्या कपाटात आहे आणि दुसरा बाजारात, तर आनंद मानू नका. दोन वेगळ्या नगांवर एकच मार बसत नाही. एक दुसऱ्यावरून साचा घेऊन ओतलेला, म्हणजे नकली, आहे. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा मऊ, मैदानात, म्हणजे अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत, बारीक फुगे, आणि कडेला घासून काढलेली जोडरेघ असते. अशा नगाला नंबर द्यायचा नाही, पण ओळ काढायचीही नाही, "ओतीव, नग अमुकवरून" असं लिहून ठेवा म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही.

जुन्या छापील कॅटलॉगच्या बाबतीत जरा सांभाळून, तेव्हा बऱ्याचदा नाण्याचा प्लॅस्टरचा छाप घेऊन त्याचा फोटो छापत, बारीक ओरखडे त्यात हरवतात. आणि काही विक्रेते दुसऱ्याच नगाचा फोटो वापरतात, म्हणून अगदी तोच फोटो, तीच सावली, दोन ठिकाणी दिसली तर तो एक फोटो आहे, एवढंच सिद्ध होतं.

कायद्याचाही उपयोग होतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लंडन किंवा कॅलिफोर्नियात विकलेला नग नंतर मुंबईत दिसणं नेहमीचं, पण मुंबईत दिसलेला नग नंतर तिकडे दिसला असं तुमची शीट म्हणत असेल तर आधी जुळणीवर संशय घ्या.

नंबर एकदा दिला की दुसऱ्या नगाला तो कधीच द्यायचा नाही, जुळणी मोडली तरी जुना नंबर रद्द म्हणून राहू दे. मालकाचं नाव लिहायचं नाही, "खाजगी संग्रह, माळवा" पुरे. लोक विश्वासाने नाणं दाखवतात आणि नाव बाहेर गेलं की चोरी होते. आकडा सांगताना "किमान इतके, शिवाय इतके संशयित" असं तारखेसकट सांगा.

कुणी व्हॉट्सॲपवर "माझ्याकडेपण आहे काका" असं लिहून धूसर फोटो पाठवतं तेव्हा चिडू नका, आमच्या माळव्यात जुन्या घरांमध्ये खरंच असतात. त्यांना सांगा: पाण्याने सुद्धा धुवू नका, खिडकीजवळ ठेवा, फ्लॅश बंद, समोरचा फोटो काढा, मग पान उलटतो तसं डावीकडून उजवीकडे उलटवा आणि न फिरवता मागचा काढा, म्हणजे कोन आपोआप मिळतो. कडेचे दोन-तीन फोटो, आणि सोनाराच्या काट्यावर दोन दशांशापर्यंत वजन.