अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यांची आरएमडी: हिशेब आणि चुका

पारंपरिक आयआरए, म्हणजे स्वतः उघडलेले निवृत्ती खाते, आणि ४०१(के), म्हणजे नोकरीतून मिळणारे निवृत्ती खाते, यांतून ठरावीक वयानंतर दरवर्षी किमान रक्कम काढावीच लागते, तीच आरएमडी. जन्म १९५१ ते १९५९ मधला असेल तर ७३व्या वर्षापासून, १९६० किंवा नंतरचा असेल तर ७५व्या. निवृत्तीनंतर पुण्याला परतलात तरी नियम सुटत नाही. स्वतःच्या रॉथ आयआरएला, म्हणजे आधीच कर भरलेल्या पैशांच्या खात्याला, मात्र तो लागू नाही.

मागच्या ३१ डिसेंबरची शिल्लक घ्या आणि यंदा जे वय पूर्ण होणार त्याच्या भाजकाने भागा. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, तक्त्यात ७३ला २६.५, ८०ला २०.२, ९०ला १२.२ असा भाजक आहे. शिल्लक ५,३०,००० डॉलर असेल तर ७३व्या वर्षी २०,००० काढायचे. तेवढ्याच शिलकीवर नव्वदीत सुमारे ४३,४४३. जोडीदार दहा वर्षांहून अधिक लहान आणि एकमेव लाभार्थी असेल तर तक्ता वेगळा, रक्कम कमी.

घोळ होतो तो खाती अनेक असली की. सगळ्या आयआरएंची बेरीज करून एकातूनच पैसे काढलेले चालतात. ४०१(के)चे तसे नाही: प्रत्येकातून त्याची त्याची रक्कम काढावी लागते, आयआरएतून जास्त काढून ती भरून निघत नाही. जुन्या नोकरीतले विसरलेले ४०१(के) म्हणूनच आधी शोधा.

पहिल्या वर्षीच्या रकमेसाठी पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपर्यंत मुभा असते, पण ती सहसा घेऊ नये. दुसरी आरएमडी त्याच वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत काढावी लागते, दोन्ही एकाच वर्षाच्या उत्पन्नात धरल्या जातात आणि कर वाढतो.

पैशांची गरज नसेल तर शेअर न विकता साध्या गुंतवणूक खात्यात हलवता येतात. दान करायचे असेल तर आयआरएतून थेट पात्र संस्थेला पाठवा. ती रक्कम आरएमडीत धरली जाते आणि करपात्र होत नाही. आधी स्वतःच्या खात्यात घेतली की ही सवलत गेली.

काढायच्या राहिलेल्या रकमेवर २५ टक्के दंड आहे, दोन वर्षांत दुरुस्त केल्यास १० टक्के. कारण रास्त असेल तर राहिलेली रक्कम लगेच काढा आणि आयआरएसच्या फॉर्म ५३२९सोबत खुलासा जोडून दंडमाफी मागा.

ऐंशीनंतर स्मरणावर विसंबू नका. नोव्हेंबरमध्ये आपोआप रक्कम निघेल अशी सूचना देऊन ठेवा, आणि मुलांच्या नावचे मुखत्यारपत्र खाते सांभाळणाऱ्या कंपनीकडे प्रकृती ठीक असतानाच नोंदवा. मृत्यूच्या वर्षीची रक्कम राहिली असेल तर ती लाभार्थींनी काढायची असते, हेही त्यांना आधीच सांगा.