गोधडीची ऑर्डर घेताना दरात होणाऱ्या या चुका टाळा

ग्राहक आईच्या किंवा आजीच्या साड्या स्वतः आणून देतो, तेव्हा कापडाचा खर्च नाही म्हणून दर निम्म्यावर आणण्याची चूक बहुतेक जणींकडून होते. वास्तविक जुन्या साडीचे काम नव्या कापडापेक्षा किचकट असते. फॉल उसवणे, विरलेला भाग बाजूला काढणे, रंग जातो का ते पाहणे, धुणे आणि इस्त्री यांत बराच वेळ जातो. पण हातात सुई आलेली नसल्यामुळे ही मेहनत हिशेबात धरलीच जात नाही. तिच्यासाठी साडीमागे वेगळी रक्कम लावावी.

त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे ‘सिंगल’ आणि ‘डबल’ असे दोनच दर ठेवणे. ६० बाय ९० इंचांच्या सिंगल गोधडीवर एकेक इंचाच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर एकूण शिवण सुमारे ५४०० इंच, म्हणजे १३७ मीटर होते. ग्राहकाने अर्ध्या इंचाचा आग्रह धरला की तीच २७४ मीटरवर जाते, आकार मात्र तेवढाच राहतो. कडेने आत आत फिरत जाणारा पारंपरिक धावदोरा घेतला, तरी हिशेब जवळपास हाच येतो. ९० बाय १०८ इंचांची डबल गोधडी क्षेत्रफळाने सिंगलच्या १.८ पट असते, आणि तरीही तिची मजुरी सवयीने दीडपटच सांगितली जाते. म्हणून एका तासात आपली किती मीटर शिवण होते, हे आधी नमुन्यावर घड्याळ लावून मोजावे. नमुना ऑर्डरइतक्याच थरांचा घ्यावा, कारण सहा थरांतून सुई तीन थरांइतकी सहज जात नाही.

यंत्रावर शिवलेल्या रजईची किंमत पाहून आपली मजुरी ठरवू नये. ते कामच वेगळे आहे.

दर कमी सांगून झाला असेल, तर न सांगता टाके विरळ करणे हा उपाय नव्हे. काम अर्ध्यावर येण्याआधीच ग्राहकाला मोजमाप दाखवावे आणि ओळींतील अंतर वाढवायचे की वाढीव मजुरी द्यायची, हे त्यालाच विचारावे. तो दोन्हींना नाही म्हणाला, तर ठरलेल्या दरातच गोधडी पुरी करावी. पुढच्या ऑर्डरच्या पावतीवर मात्र आकार, थर, ओळींतील अंतर, अस्तर कोणाचे आणि इसार किती, एवढे लिहून घेतल्याशिवाय साडीला कात्री लावू नये.