औषध घेऊनही लघवीची आग परत का येते? क्लॅमिडियाच्या उपचारातल्या या चुका टाळा

विदर्भात एप्रिल-मेमध्ये लघवीला आग झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचं पाणी सुरू होतं. खरी उन्हाळी भरपूर पाणी प्यायल्यावर दिवस-दोन दिवसांत उतरते. पण लिंगाच्या टोकाला चिकट पाणी येत असेल, वृषण दुखत असेल, बाईच्या अंगावरून नेहमीपेक्षा जास्त जात असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर क्लॅमिडियाची, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका जंतुसंसर्गाची, तपासणी करून घ्या. लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. बहुतेक बायकांना तर काहीच जाणवत नाही, आणि उपचार न झाल्यास आतून गर्भनलिका खराब होऊ शकते.

गोळ्या अर्ध्यावर सोडणं

नेहमीचा डोस म्हणजे डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. एकूण १४ गोळ्या. मेडिकलमध्ये पत्ता बहुधा दहाचा मिळतो; तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग थांबते आणि उरलेल्या चार आणायला कोणी जात नाही. म्हणून चौदाही गोळ्या एकाच वेळी विकत आणून ठेवा आणि ठरल्याप्रमाणे सात दिवस घ्या.

जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत गोळी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, लोहाची गोळी, अॅसिडिटीचं औषध यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. ती सोबत घेतली तर डॉक्सी अंगी लागत नाही. या गोळीने उन्हात कातडी लवकर भाजते. शेतात जाणं टळत नसेल तर पूर्ण बाह्या आणि दुपट्टा हवाच. गरोदर बाईला डॉक्सी देत नाहीत. तिला अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात आणि साधारण महिन्याने पुन्हा तपासतात.

एकट्यानेच उपचार घेणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. नवरा बरा होतो, बायकोला सांगत नाही, पंधरवड्यात दुखणं पुन्हा घरात. काही जण चौदा गोळ्या दोघांत सात-सात वाटून घेतात. त्याने दोघंही बरे होत नाहीत. गेल्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना पूर्ण डोस हवा, आणि दोघांचंही औषध संपेपर्यंत संबंध बंद. अॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस असेल तर त्यानंतरही सात दिवस थांबायचं.

नुसता अंदाज

परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया बऱ्याचदा सोबत असतात. म्हणून सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या करड्या रंगाच्या औषध-किटमध्ये अॅझिथ्रोमायसिनबरोबर सेफिक्झिमही असतं. बाजाराच्या दिवशी तंबूतून घेतलेल्या चूर्णात यातलं काहीच नसतं. गावातल्या आरोग्य केंद्रात ओळखीचे लोक असतील तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात) जा, किंवा आधी १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फुकट विचारा. त्याच दिवशी एचआयव्ही आणि गरमीचीही (सिफिलिस) तपासणी करून घ्या. लघवीचा नमुना द्यायच्या आधी तासभर लघवी करू नका आणि सुरुवातीची धार द्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. चार आठवड्यांच्या आत तपासलं तर मेलेल्या जंतूंमुळेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो.

कंडोम मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात तिथे रबर सडतं. वर खोबरेल तेल लावलं तर ते काही मिनिटांतच कमजोर होऊन फाटतं.