माय म्हणते, "म्या कुठं औषध घेते?": घरातल्या औषधांची पिशवी कशी तपासावी

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. २३ वर्षं काउंटरच्या अलीकडे उभा राहून लोकांच्या पिशव्या उपड्या करतोय. घरात साठी ओलांडलेलं माणूस असेल, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि वर कुणी सांगितलेलं चूर्णही चालू असेल, तर ही पिशवी वर्षातून तीन-चार वेळा तपासायलाच हवी. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये" हा सल्ला मला सांगू नका. एस.टी.चं भाडं आणि एका दिवसाची मजुरी घालून कोणी गुडघ्याच्या पुडीबद्दल विचारायला जात नाही. पुडी आधी घरात येते. ती आली आहे असं धरूनच पुढचं लिहितो.

१. सगळं एका चादरीवर काढा

फक्त पिशवी नको. फडताळ, देव्हाऱ्यामागची फळी, बिस्किटाचा पत्र्याचा डबा, उशीखाली, चंचीत, सगळीकडे हात घाला. आणि "औषध कोणतं घेता?" असं विचारू नका. माझ्या मायला हा प्रश्न मी कैकदा विचारला. ती म्हणायची, "म्या कुठं औषध घेते? सकाळची बीपीची एक गोळी, बस." चूर्ण, काढा, मुळी, तेल हे तिच्या हिशेबी औषधच नव्हतं, तो झाडपाला. म्हणून विचारायचं असं: "गुडघा दुखला की काय खाता? काय लावता? पोट साफ होत नाही तेव्हा? झोप लागत नाही तेव्हा? शेजारच्या काकूंनी काय दिलं?" अशानं गोष्टी निघतात. या वेळी रागावलात तर पुढच्या वेळी डबा दुसरीकडे जाईल, एवढं लक्षात ठेवा.

२. पाकिटं लावा

मुदत संपलेली बाजूला काढा. पाकिटावर महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते. उभी लाल रेघ असलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन-तीन गोळ्या "पुढच्या तापाला" म्हणून ठेवू नका.

अर्धी कापलेली पाकिटं मात्र नीट बघा. यात आम्हा मेडिकलवाल्यांची चूक असते, कबूल करतो. चार गोळ्या मागितल्या की आम्ही कात्री चालवतो आणि नाव, तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. ज्या तुकड्यावर नाव नाही तो ओळखीच्या रंगावरून खाऊ नका. मागून घ्या नाव असलेला तुकडा, हक्कानं.

मग कंपनीनं ठेवलेल्या नावाजवळ छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. तालुक्याच्या डॉक्टरनं एका नावानं अम्लोडिपिन ही बीपीची गोळी दिलेली असते आणि परभणीच्या डॉक्टरनं दुसऱ्या नावानं तीच. दोन्ही चालू. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं आणि अंगदुखीच्या गोळीतही असतं. हा घोटाळा पाच मिनिटांत सापडतो.

३. लेबल असलेली आयुर्वेदिक औषधं

इथं लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड. दोघांनाही माझ्या दुकानात बसायला जागा नाही.

सर्पगंधेचंच घ्या. डॉ. रुस्तम वकील यांनी मुंबईत रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात छापून आला. पुढे तिच्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर रक्तदाबाच्या गोळीत वापरलं गेलं. म्हणजे मुळीत गुण आहे. गुण आहे म्हणूनच सर्पगंधा असलेलं चूर्ण आणि बीपीची गोळी एकत्र पोटात गेली तर बीपी नको इतकं खाली येऊ शकतं. ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येतो.

आता परवान्याचं. दोन्हीकडे 'परवाना' हाच शब्द, पण अर्थ वेगळा. अ‍ॅलोपॅथीचं नवं औषध आधी प्राण्यांवर तपासतात. मग थोड्या माणसांवर, मग जास्त रुग्णांवर, असं टप्प्याटप्प्यानं तपासून त्याची कागदपत्रं दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेपुढे ठेवावी लागतात. आयुर्वेदिक औषधाला १९४० च्या औषध कायद्यातली वेगळी वाट आहे. त्या कायद्याला ग्रंथांची यादी जोडलेली आहे, त्यात चरकसंहिता आहे, शार्ङ्गधरसंहिता आहे. त्यातल्या पाठाप्रमाणे, म्हणजे कृतीप्रमाणे, केलेल्या जुन्या कल्पाला (औषधाला) सहसा नव्यानं माणसांवर चाचणी मागत नाहीत. परवाना राज्याकडून मिळतो. म्हणून बाटलीवर परवाना क्रमांक असला की ती कायदेशीर कारखान्यातून आली, इतकंच कळतं. तुमच्या मायच्या शुगरच्या गोळीबरोबर ती चालेल का, हे त्यावरून कळत नाही.

बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता आहे का बघा. वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं, असा इशारा दिसला तर तो शोभेचा नाही. याच कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि त्यात बिब्बा आहे, धोतरा आहे, गुंज, कण्हेर, पारा, हिंगूळ आहे. "आयुर्वेदात विष नसतं" म्हणणाऱ्याला ही यादी दाखवा.

माझ्या काउंटरवर नेहमी येणाऱ्या जोड्या सांगतो. कारलं, गुडमार, जांभळाच्या बियांचं चूर्ण आणि सोबत ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी: पहाटे दरदरून घाम, हातपाय कापणं, म्हणजे साखर खाली गेली, लगेच साखर-पाणी द्या. खोकल्याला महिनोन्‌महिने चघळलेलं जेष्ठमध आणि लघवी होण्याची गोळी: अंगातलं पोटॅशियम उतरतं, वर बीपी चढतं. इसबगोल आणि इतर गोळ्यांमध्ये एक-दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, ती दुसरीच तिच्यासारखी दिसणारी वेल असू शकते. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. काढा पिणाऱ्याचे डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी काढा थांबवा आणि लिव्हरची तपासणी करा.

४. बिनलेबलाची पुडी

इथं मी स्वतः तोंडावर आपटलो.

माय आठवडी बाजारातून गुडघ्याची पुडी आणायची. वर्तमानपत्राच्या कागदात करड्या रंगाची भुकटी. गाडीवर भोंगा लावून विकणारा माणूस, नाव नाही, पत्ता नाही. मला पत्ता लागला तो चार महिन्यांनी. तोवर ती खूश होती. "दोन दिसात गुडघा उतरला बघ, तुझ्या गोळ्यांनी दोन वर्सात न्हाई उतरला." भूक वाढली होती, गाल भरले होते. सगळे म्हणायचे, माय सुधारली. मीही म्हणालो. औषधाच्या दुकानात बसणारा माणूस, आणि मायचा चेहरा चंद्रासारखा गोल होतोय हे मला दिसलं नाही.

ज्या दिवशी पुडी सापडली त्या दिवशी मी भांडलो आणि उरलेल्या सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकल्या. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी उठता येईना, बीपीचा वरचा आकडा ८० च्या खाली. परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काही एकाएकी बंद केलंय का?" मी पुडीचं सांगितलं. ते म्हणाले, "दाखवा." दाखवायला काही नव्हतं. पुडी उकिरड्यावर, त्यावर रात्रीचा पाऊस.

झालं होतं ते असं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन. किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, जी म्हाताऱ्या किडनीला आणि पोटाला महागात पडतात. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या ग्रंथी असतात. त्या रोज अंगापुरतं स्टेरॉइड स्वतः बनवतात. बाहेरून आयतं मिळू लागलं की त्या हात आखडतात. मग पुडी एकाएकी बंद झाली की आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला आठवडे जातात, कधी महिने. मायच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथी बनवतात ते स्टेरॉइड, फारच कमी निघालं. तिला स्टेरॉइडच सुरू करावं लागलं आणि पुढे पाच महिने थोडंथोडं करत उतरवावं लागलं.

म्हणून पुडी सापडली की काय करायचं ते नीट ऐका.

फेकू नका. आहे त्या कागदासकट स्वच्छ डबीत ठेवा. कागदही टाकू नका.

काही आठवड्यांहून जास्त दिवस चालू असेल तर घरच्या घरी एकदम बंदही करू नका. हे लिहिताना माझाच हात अडखळतो, कारण विष चालू ठेवा असं सांगतोय असं वाटतं. पण आठवडाभर विचार करत बसा असं मी म्हणत नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पुडी हातात घेऊन एम.बी.बी.एस. किंवा एम.डी. डॉक्टर गाठा आणि वाक्य असं बोला: "ही पुडी इतके महिने रोज एवढी चालू होती, यात स्टेरॉइड असेल का?" नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणालात तर सलाईन लावून घरी पाठवतील. उलट्या, चक्कर, उठता न येणं सुरू झालं असेल तर थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि पुडी किती दिवस चालू होती, कधी बंद झाली हे आधी सांगा.

जाण्याआधी पाच गोष्टी बघून ठेवा. चेहरा गोल झाला का, पायावर सूज आहे का, जरा लागलं की काळंनिळं पडतं का, शुगर किंवा बीपी उगाच चढलं का, आणि दुखणं पहिल्या दोन दिवसांतच गेलं होतं का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्याचं जुनं दुखणं दोन दिवसांत घालवणारं चूर्ण मी २३ वर्षांत पाहिलं नाही.

यात एक गोम आहे, ती सांगितली नाही तर प्रामाणिक वैद्यांवर अन्याय होईल. नोंदणी असलेल्या वैद्यानं आपल्याच रुग्णासाठी औषध बनवून दिलं तर त्याला कारखान्याचा परवाना लागत नाही. म्हणजे त्याची पुडी बिनलेबलाची असूनही कायदेशीर असू शकते. फरक कसा ओळखायचा? चिठ्ठी मागा. "यात काय आहे ते लिहून द्या, डॉक्टरांना दाखवायचंय." खरा वैद्य कल्पाचं नाव लिहून देतो, पुष्कळदा पथ्यही सांगतो. जो "आमचं घराण्याचं गुपित आहे" म्हणतो, त्याच्या गुपिताची किंमत तुमची किडनी देणार. मधुमेह, लकवा, संधिवात, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. भोंग्यावरचा माणूस तिथंच कायदा मोडतो.

विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करा. औषधानं त्रास झाला असेल, मग ते कुठल्याही पॅथीचं असो, १८००-१८०-३०२४ वर कळवा. हा देशाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीचा क्रमांक आहे आणि इथं सामान्य माणूसही कळवू शकतो.

५. यादी

एक कागद. नाव, किती, कधी, कशासाठी, कुणी दिलं. चूर्ण, तेल, काढा त्याच यादीत, वेगळ्या कागदावर नको. एक प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत, एक फोनमध्ये फोटो.

६. ठेवायचं कुठं

पत्र्याच्या घरात मे महिन्यात फळीवर नको. जमिनीलगत, थंड कोपऱ्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा पेटीत. फ्रीज नसेल तर वापरातलं इन्सुलिन डबीत घालून पाण्याच्या माठाच्या गारव्यात.

७. डॉक्टरला दाखवणं

यादी आणि पिशवी दोन्ही न्या. कागद देऊन गप्प बसू नका. "यातलं काय कमी करता येईल?" असं विचारा. "अजून काही द्या" म्हणणारे पुष्कळ असतात, हा प्रश्न विचारणारा क्वचितच भेटतो. मायच्या अकरा गोळ्यांच्या सहा झाल्या त्या याच प्रश्नानं.

आता दर तीन महिन्यांनी आम्ही चादर अंथरतो. मी लिहितो, ती पाकीट हातात देत जाते. मागच्या खेपेला सगळं संपल्यावर मी पेन खाली ठेवलं तर म्हणाली, "थांब, एक राहिलं. बिब्ब्याचं तेल. डाव्या घोट्याला." आणि लुगडं वर करून फोड दाखवला.