म्युलर एक नव्हे: नोंदी लिहिताना या चुका टाळा

जर्मन भाषेत 'म्युलर' म्हणजे धान्य दळून देणारा, चक्कीवाला. गावोगावी चक्की होती, म्हणून गावोगावी म्युलर झाले, आणि आज जर्मनीत सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच आहे. आपल्याकडचे सगळे पाटील एका घरातले नसतात, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु म्युलर दिसला की भले भले लेखक दोन-तीन माणसांचे आयुष्य एकाच्या नावावर जमा करून मोकळे होतात. चरित्रनोंदी तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिचा कंटाळा येतो.

सर्वांत जास्त घोळ 'हर्मन' या नावाचा होतो. एका शालेय विज्ञान-मासिकासाठी हिवतापावरचा लेख माझ्याकडे तपासायला आला होता. फळमाश्यांवर क्ष-किरणांचे प्रयोग करणाऱ्या हर्मन म्युलर यांनी पुढे डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला, असे त्यात लिहिले होते. माशीवरून डासावर जाणारे ते वाक्य इतके सरळ उतरले होते की मी त्यावर पेन्सिल टेकवलीच नाही. अंक निघाल्यावर प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. त्यावर दोन नावे आणि दोन साले एवढाच मजकूर होता. क्ष-किरणांनी जनुकांत बदल घडतात हे 1927 मध्ये दाखवणारे हर्मन जोसेफ मुलर न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले अमेरिकी, आणि त्यांचे नोबेल 1946 चे. डीडीटीचा गुण 1939 मध्ये ओळखणारे पाउल हर्मन म्युलर हे स्विस रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांचे नोबेल 1948 चे. दोन्ही पारितोषिके वैद्यकशास्त्राचीच होती, आणि घोळाला तेवढे पुरले. ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

यात देवनागरीचाही थोडा दोष आहे. रोमन लिपीत स्विस म्युलरच्या 'यू'वर दोन ठिपके असतात, अमेरिकी मुलरच्या नसतात. मराठीत आणताना सगळ्यांनाच 'म्युलर' केले की ही खूण पुसली जाते. म्हणून मी अमेरिकी गृहस्थांना 'मुलर'च लिहितो, आणि कोणतीही नोंद हाती घेण्यापूर्वी कागदाच्या डोक्यावर जन्मसाल, जन्मगाव आणि एक मुख्य काम लिहून ठेवतो. ही काही पद्धत नव्हे, सवय आहे. नव्या मुलांना ती वेळखाऊ वाटते. शोधात पहिले जे पान उघडेल त्यावर ते विसंबतात, आणि मग दुरुस्तीत दुप्पट वेळ घालवतात.

'म्युलेरियन' हे विशेषण तर सापळाच आहे. गर्भातील म्युलेरियन नलिका बर्लिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाची, तर फुलपाखरांतील म्युलेरियन अनुकृती, म्हणजे भक्षकांना न रुचणाऱ्या दोन जातींचे एकमेकींसारखे दिसणे, ही ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्युलर यांच्या नावाची. डोळ्याच्या दृष्टिपटलातील म्युलर पेशी आणखी तिसऱ्याच, म्हणजे हाइनरिख म्युलर (1820–1864) यांच्या नावाच्या आहेत. तेथे छायाचित्र लावताना जपावे, कारण गेस्टापोच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, प्रमुखाचे नावही हाइनरिख म्युलरच होते. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर-म्युलर नळीतले म्युलर म्हणजे वाल्टर.

मराठी लेखकांचा लाडका म्युलर अर्थात 'मोक्षमूलर'. त्यांचे पूर्ण नाव फ्रीड्रिख माक्स म्युलर. जागा वाचवण्यासाठी मधले 'माक्स' गाळणाऱ्यांची मला विशेष चीड येते, कारण फ्रीड्रिख म्युलर (1834–1898) नावाचे दुसरे भाषाशास्त्रज्ञ त्याच काळात व्हिएन्नात काम करीत होते, आणि एका शब्दाच्या बचतीत माणूसच बदलतो. सायणभाष्यासह ऋग्वेद सहा खंडांत (1849–1874) संपादित करणारे माक्स म्युलर भारतात एकदाही आले नाहीत. पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाचे भवन आहे म्हणून त्यांच्या वास्तव्याच्या कथा रचू नयेत.

प्रत्येक म्युलरला जर्मनीत जन्माला घालू नये: नोबेल-विजेत्या लेखिका हेर्टा म्युलर रुमानियात जन्मल्या. आणि फुटबॉलपटू गेर्ड म्युलर व थोमास म्युलर हे काका-पुतणे नव्हेत. दोघेही बायर्न म्युनिक क्लबकडून खेळलेले, दोघांच्याही पाठीवर राष्ट्रीय संघात 13 क्रमांक, आणि दोघेही एकेका विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारे: गेर्ड 1970 मध्ये दहा, थोमास 2010 मध्ये पाच. नाते एवढेच.